बधिर पाय, विसरता मेंदू : त्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंची पारख

पायाची संवेदना गेलेली आणि स्मरणशक्तीही उतरणीला लागलेली, असं एकाच माणसात दिसणं दुर्मीळ नाही. जुना मधुमेह, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, वर्षानुवर्षांचं मद्यपान ही कारणं हातापायांच्या नसांनाही पोखरतात आणि मेंदूलाही. दुकानात मात्र दोन्हींची कपाटं वेगळी असतात. एका फळीवर नसांच्या गोळ्या, मलमं, मनगटपट्टे. दुसऱ्या फळीवर दिवस-वार दाखवणारी घड्याळं, गोळ्यांचे डबे, माणूस शोधणारी यंत्रं. खरेदी करणारी मुलगी किंवा सून दोन्ही फळ्यांवरून एकाच माणसासाठी वस्तू उचलते.

म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे. ज्याला पायाला लागलेलं कळत नाही आणि कळलं तरी सांगायचं लक्षात राहत नाही, अशा माणसाच्या घरात ती वस्तू काम करते का? एरवी चांगल्या असलेल्या कितीतरी वस्तू इथे नापास होतात, आणि काही तर थेट इजा करतात.

मोनोफिलामेंट : साधी, स्वस्त, पण नीट वापरली तरच

दांड्याला बसवलेला नायलॉनचा एक ताठ धागा, एवढीच ही वस्तू. तळपायावर काटकोनात टेकवून दाबला की ठरावीक जोराला तो वाकतो. पायाच्या तपासणीसाठी १० ग्रॅमचाच हवा. काही दांड्यांवर ५.०७ असा आकडा छापलेला असतो. तो ग्रॅममधला नाही, पण वस्तू तीच आहे. आकडाच नसलेले, भेट म्हणून वाटलेले धागे घेऊ नका. ते किती जोराला वाकतात याची खात्री कोणी देत नाही.

वापरायची रीत अशी. आधी हातावर किंवा कपाळावर टेकवून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते माणसाला कळेल. मग डोळे मिटायला सांगा. प्रत्येक पायावर तीन जागा पुरतात: अंगठ्याचा खालचा मांसल भाग, चवड्यावर अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा. धागा सरळ टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा. सगळं मिळून सुमारे दोन सेकंद. कातडीवरून घसरू द्यायचा नाही, टोचायचा नाही. घट्टा, भोवरी किंवा जखम असेल तर तिच्यावर न टेकवता शेजारच्या निरोगी कातडीवर टेकवा. एका जागी तीनदा विचारायचं: दोनदा खरा स्पर्श, एकदा नुसतंच विचारणं. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागेची संरक्षक संवेदना, म्हणजे इजेची चाहूल देणारी जाणीव, शाबूत आहे असं धरतात.

चूक बहुतेक वेळा हाताची नसते, तोंडाची असते. तपासणारा एका लयीत ‘लागलं का? लागलं का?’ विचारत जातो आणि समोरचा त्याच लयीत ‘हो, हो’ म्हणत राहतो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण हो म्हणणं हे त्याला सगळ्यात सोपं आणि सभ्य उत्तर वाटतं. म्हणून मधलं अंतर कमीजास्त करा आणि खोटी फेरी कधीच वगळू नका. धागा न टेकवताही ‘लागलं’ असं उत्तर येत असेल, तर ती तपासणी रद्द. अशा वेळी पाय बधिर आहे असंच समजून काळजी घ्यायची. चुकून जास्त काळजी घेतली तर काही बिघडत नाही. उलटी चूक मात्र जखमेच्या रूपाने समोर येते.

धागा कायमचा वाकलेला दिसला की टाकून द्या. दवाखान्यात एकाच धाग्याने लागोपाठ दहा माणसं तपासली की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, असं सांगितलं जातं, कारण वापराने नायलॉन मऊ पडतो आणि कमी जोराला वाकू लागतो. घरी वापरताना ही अडचण येत नाही. मात्र दमट जागी उघडा ठेवू नका.

त्याची एक मर्यादा खरेदीआधी माहीत हवी. नसांतल्या जाड तंतूंचं बरंच नुकसान झाल्यावरच हा धागा ते दाखवतो. रात्री तळपायांची आग होते, पांघरूण टेकलेलं सोसत नाही, पण धाग्याची तपासणी अगदी ठीक, असं बारीक तंतूंच्या आजारात होतं. त्यात नसांची विजेवर केलेली तपासणीसुद्धा निर्दोष येऊ शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आग कशाने होईल’ असं त्या माणसाला ऐकवू नका. दुखणं खरं असतं.

धागा नसला तरी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयातून २०११ साली पुढे आलेली स्पर्शचाचणी फुकटात होते. मोजे काढून माणूस आडवा, डोळे मिटलेले. आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांची पहिली, तिसरी आणि पाचवी बोटं टोकाला हलकेच स्पर्श करायची, प्रत्येकी एक ते दोन सेकंद. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, ठोकायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. मूळ पद्धतीत स्पर्श झालेल्या पायाची बाजू ‘उजवा’ किंवा ‘डावा’ अशी सांगायची असते. स्मृतिभ्रंशात डावं-उजवं गोंधळतं, तिथे त्याच बाजूचा हात हलवायला सांगितला तर जास्त नीट जमतं.

ट्यूनिंग फोर्क

ठोकला की थरथरणारा धातूचा हा दुहेरी काटा. घ्यायचाच तर १२८ हर्ट्झचा. ५१२चा कानाच्या तपासणीसाठी असतो, आणि दुकानात अनेकदा तोच हातात ठेवला जातो. फोर्क वाजवून त्याचं बूड अंगठ्याच्या वरच्या बाजूला, नखामागच्या हाडावर ठेवायचं आणि थरथर जाणवते का, कधी थांबली, ते विचारायचं. आधी छातीच्या हाडावर थरथर म्हणजे काय ते दाखवा. नुसता दाब आणि थरथर यांतला फरक सांगणं स्मृती ढळलेल्या माणसाला अवघड जातं. शिवाय उतारवयात आजार नसतानाही पायाच्या बोटांत ही जाणीव मंदावते. दवाखान्यासाठी उत्तम वस्तू, घरासाठी गरज नाही.

स्मृतीच्या कागदी चाचण्या आणि मोबाइलवरचे खेळ

घरच्यांना सर्वांत उपयोगी पडते ती एडी-८ नावाची आठ प्रश्नांची यादी. ती माणसाला सोडवायची नसते, त्याच्या जवळच्याने भरायची असते. पैशांचे व्यवहार अवघड जाऊ लागलेत का, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात का, घरातली साधी यंत्रं वापरताना अडतात का, महिना-वर्ष विसरतात का, असे प्रश्न. प्रत्येक उत्तर ‘पूर्वीपेक्षा बदल झाला आहे का’ या अर्थाने द्यायचं. जन्मभर विसराळू असलेला माणूस आजही तेवढाच विसराळू असेल तर तिथे ‘हो’ लिहायचं नाही. दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर तपासणी करून घ्यावी.

मिनी-कॉग ही तीन मिनिटांची चाचणी: तीन शब्द ऐकवायचे, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावायचं, मग शब्द आठवायला सांगायचे. एकूण पाच गुण; तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी हवी. इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्याची बोटं बधिर आहेत किंवा मनगटात नस दबलेली आहे, त्याचं घड्याळ वेडंवाकडं येणारच. रेषा थरथरली म्हणून गुण कापायचे नसतात. आकडे एकाच बाजूला दाटले, काटे दहा आणि अकराकडे वळले, तर ती चूक मेंदूची. चाचणीआधी चश्मा आणि श्रवणयंत्र लावलंय का, हेही पाहा. जो शब्द ऐकूच आला नाही तो आठवणार कुठून?

मोका ही ३० गुणांची चाचणी अधिक बारकाईने पाहते. २६ किंवा अधिक गुण सामान्य धरतात, आणि शिक्षण १२ वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. घरी सराव करून गेलेला माणूस चाचणीत वर सरकतो आणि आजार झाकला जातो.

मोबाइलवरच्या ‘मेंदूचं वय सांगा’ छापाच्या ॲपना आम्ही शिफारस देत नाही. पडद्यावरचं बटण दाबलं गेल्याचं बधिर बोटाला कळत नाही. उशीर झाला की ॲप तो मंद मेंदूच्या खात्यावर टाकतं.

आणि कोणतीही चाचणी करण्याआधी, बदल किती दिवसांत झाला ते पाहा. महिन्या-वर्षांत हळूहळू झाला तर स्मृतिभ्रंशाचा विचार. दोन-चार दिवसांत माणूस बरळायला लागला, दिवसा झोपू लागला, लक्ष टिकेना, तर तो बहुधा संसर्ग, नवं औषध, पाण्याची किंवा क्षारांची कमतरता यांतून आलेला तीव्र गोंधळ असतो. तिथे चाचणीचा कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पायांतून वर चढत जाणारा, काही दिवसांत वाढणारा अशक्तपणा, गिळायला किंवा श्वासाला त्रास, दोन्ही पाय लुळे पडून लघवी अडणं, एका बाजूचा चेहरा किंवा हात अचानक पडणं, यांसाठी तर थेट रुग्णालय.

नसांच्या गोळ्या : सर्वांत जास्त खपणारी, सर्वांत कमी वाचली जाणारी वस्तू

डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडा; मागचा बारीक मजकूर वाचा. दोन ओळी शोधायच्या.

पहिली बी १२. कमतरता असेल तर हे औषध अमोल आहे. या कमतरतेने पायांत मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, स्मृती आणि स्वभाव बिघडतो, आणि वेळेत सापडलं तर बरंच सुधारतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणारे, आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणारे, काटेकोर शाकाहारी, पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांना धोका जास्त. पण गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा. चार आठवडे गोळ्या खाऊन मग तपासलं तर आकडा चांगला दिसतो आणि मूळ प्रश्नाचं उत्तर कायमचं हुकतं. पातळी काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी १२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासून खुलासा होतो. शोषण बिघडलेल्यांनाही तोंडावाटे १००० मायक्रोग्रॅमचा डोस पुरू शकतो, कारण अशा मोठ्या डोसचा साधारण १ टक्का वेगळ्या वाटेने शोषला जातो. मात्र नसांची किंवा मेंदूची लक्षणं स्पष्ट असतील तर सुरुवात इंजेक्शननेच करावी. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन रक्तक्षय भरून येतो, पण बी १२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. ही चूक महाग पडते.

दुसरी ओळ बी ६ची, म्हणजे पायरिडॉक्सिनची. हे जीवनसत्त्व जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच संवेदनेच्या नसा खराब करतं: पाय बधिर, मुंग्या, चालताना तोल जाणं. ज्यासाठी गोळी घेतली तेच दुखणं. मग माणसाला वाटतं आजार वाढला आणि तो गोळी वाढवतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. बाजारातल्या काही ‘नसांच्या’ गोळ्यांत एकेका गोळीत याच्या कितीतरी पट असतं. त्यात बहुजीवनसत्त्वाची गोळी आणि ताकदीची पावडर यांतलं बी ६ मिळवा, म्हणजे खरी बेरीज कळेल. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी, ठरावीक मुदतीकरता दिली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. पण वर्षानुवर्षं चालू ठेवायची ही गोळी नव्हे.

स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंको या वनस्पतीच्या अर्काबद्दल प्रश्न मिटलेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५ वर्षं आणि पुढच्या ३,०६९ जणांवरच्या चाचणीत रोज २४० मिलिग्रॅम देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाची भीती वेगळीच.

दुखणं कमी करणाऱ्या चिठ्ठीवरच्या औषधांत ॲमिट्रिप्टिलिन स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला शक्यतो नको. ते मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या स्मृतीला लागणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतं आणि स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल नेमकं उलट काम करायला दिलेलं असतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत ही दोन्ही औषधं एकाच माणसाला चालू असल्याचं घरच्यांच्याच नजरेला येऊ शकतं. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन यांनी झोप, चक्कर, पडणं वाढतं आणि मूत्रपिंड कमी काम करत असतील तर डोस कमी लागतो.

मनगटपट्टा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होते, हात झटकला की बरं वाटतं, ही मनगटात नस दबल्याची खूण. यासाठी रात्रीचा पट्टा हा पहिला आणि रास्त उपाय. पण तयार पट्टे उघडून पाहा. तळहाताच्या बाजूला शिवलेल्या खणात धातूची पट्टी असते आणि ती बहुतेकदा मनगट मागे वळेल अशी वाकवलेली असते. त्या स्थितीत नसेवरचा दाब वाढतो. पट्टी बाहेर काढून सपाट करा, परत घाला, आणि हात टेबलावर ठेवून मनगट सरळ राहतं का पाहा. बोटं आणि अंगठा मोकळे हवेत. बंद इतके सैल की खालून एक बोट सरकेल. सहा आठवडे रोज रात्री वापरून फरक नसेल, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खपाटीला जात असेल, तर पट्ट्यावर वेळ घालवू नका, शस्त्रक्रियेबद्दल विचारा. करंगळी बधिर होत असेल तर नस बहुधा कोपरात दबलेली असते, हा पट्टा तिच्या कामाचा नाही.

स्मृतिभ्रंशात माणूस रात्री पट्टा ओढून काढतो. तेव्हा जबरदस्ती करू नये. गाढ झोप लागल्यावर बांधून पाहावा आणि सकाळी कातडीवर लाल वळ नाहीत ना, बोटं सुजली नाहीत ना, हे रोज बघावं.

गरम पाण्याची पिशवी, पाय शेकायचं यंत्र, तिखटाचं मलम

बधिर पायाला शेक देणारी कोणतीही वस्तू घरात आणू नका. चटका बसतोय हे पायाला कळत नाही, यंत्र बंद करायचं माणसाच्या लक्षात राहत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम काहींना आराम देतं, पण ते लावलेला हात डोळ्याला लावायचा नाही, हे ज्याच्या लक्षात राहणार नाही त्याला ते हातमोजे घातलेल्या दुसऱ्या माणसानेच लावायला हवं.

इन्फ्रारेड तापमापक

याची बाजू आम्ही मनापासून घेतो, कारण याला रुग्णाच्या उत्तराची गरजच नाही. पायात पूर्वी जखम होऊन गेलेल्यांसाठी विशेष उपयोगी. दोन्ही तळपायांच्या त्याच त्याच जागा रोज सकाळी मोजून लिहायच्या. एकाच जागेवर दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं. आतली सूज बाहेर दिसण्याआधी कळते. कपाळाचा ताप मोजणारं उपकरण घेतलं असेल तर ते ‘पृष्ठभाग’ या मोडवर ठेवा, नाहीतर ते कपाळाच्या हिशेबाने आकडा बदलून दाखवतं.

गोळ्यांचा डबा

सात दिवस, दिवसाला चार कप्पे, हा नमुना सुरुवातीच्या विस्मरणात छान चालतो. झाकण बधिर बोटांनी उघडतं का, हे दुकानातच करून पाहा. पुश करून उघडणारी झाकणं सरकणाऱ्यांपेक्षा सोपी पडतात. विस्मरण मध्यम झालं की उघडा डबा धोक्याचा ठरतो: सोमवारचा कप्पा रिकामा दिसला की मंगळवारचा उघडला जातो. तेव्हा कुलपाचा, वेळेला एकच कप्पा पुढे आणणारा डबा घ्या आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा.

सगळ्या गोळ्या डब्यात काढायच्या नसतात. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल ओलाव्याने बिघडतात, त्या मूळ पाकिटातच राहू द्या. स्मृतिभ्रंशावरच्या रिवास्टिग्मिनचा, कातडीवर चिकटवायचा पॅच डब्यात बसत नाही म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो: जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, आणि त्याच जागेवर १४ दिवस पुन्हा नको. जुने पॅच अंगावर राहून औषधाचा अतिरेक झाल्याने मृत्यू झाले आहेत. पॅच पाठीच्या वरच्या भागावर लावला तर माणूस तो स्वतः ओढून काढत नाही. कागदावर तारीख आणि जागा लिहिली की काम सोपं होतं.

घड्याळ, बूट आणि माणूस शोधणारं यंत्र

दिवसाचं घड्याळ घेताना ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’, ‘रात्र’ असे शब्द पूर्ण लिहून येतात का, ते पाहा. फक्त आकडे दाखवणारं घड्याळ पहाटे पाचला उठलेल्या माणसाला संध्याकाळचे पाच वाटायला लावतं. काच चमकणारी नको, वीज गेल्यावर वेळ टिकायला हवी.

बुटात सरकवायचं जीपीएसचं तळवं हे या यादीतलं सर्वांत फसवं उत्पादन आहे. माणूस बूट घातल्याशिवाय बाहेर पडणार नाही हा त्यामागचा विचार बरोबर, पण बॅटरीचा टणक उंचवटा बधिर पायाखाली येतो, आणि हरवलेला माणूस तासन्‌तास चालतच असतो. घट्टा, मग फोड, मग जखम. पायाची संवेदना गेलेली असेल तर यंत्र मनगटावर किंवा कमरेच्या पट्ट्याला लावा, आणि चार्ज करायची वेळ त्याच्या रात्रीच्या झोपेशी बांधून टाका. बूट निवडताना आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटीमीटर जास्त असावी, आत शिवणीची कड नसावी, नाडीऐवजी चिकटपट्टी असावी. माप संध्याकाळी, उभं राहून घ्या. मोजे फिकट रंगाचे घ्या, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग संध्याकाळी मोजे काढताना दिसेल. आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहायचं काम रोज घरातल्या एकाच माणसाकडे द्या, कारण दोघांकडे दिलं की दोघंही ते दुसऱ्याने केलं असं समजतात.